क्रेसनचा मुक्काम: खोली पुढचीच घ्या

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे उत्तराचा संदर्भ लागेल. विचारणारे पिट्सबर्गला असतात. ऑक्टोबरमध्ये त्यांचे आईवडील येणार आहेत. वडील, म्हणजे नाना, मध्य रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते आणि बहुतेक नोकरी इगतपुरीला झाली. नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन सगळं ठरलंय, पण माणसाची खरी हौस गाड्यांची. पेनसिल्व्हेनियातल्या क्रेसन गावात रुळाला लागून रेल्वेवेड्यांसाठीचं 'स्टेशन इन' आहे असं कानावर आलं. तिथे राहण्यात अर्थ आहे का, की एका दिवसात हॉर्सशू कर्व्ह, म्हणजे जवळचं घोड्याच्या नालासारखं रेल्वेचं वळण, बघून परत यावं? वहिनींचं म्हणणं, रात्रभर डोळा लागणार नाही. आई शाकाहारी आहेत आणि बरोबर सहा वर्षांचा नातू.

राहाच. आणि एक रात्र नको, दोन राहा.

एका दिवसाची चूक मी 2001 साली केली. चार तास गाडी हाकत हॉर्सशू कर्व्हला पोचलो, पायऱ्या चढून वर गेलो, तासभर उभा राहिलो. एक रिकामी कोळसागाडी आली, तीही मी खाली गाडीतून स्वेटर आणायला गेलो होतो तेव्हा. परतताना वाटेत क्रेसन लागलं म्हणून थांबलो आणि व्हरांड्यात खुर्च्या टाकून बसलेली माणसं दिसली. कुणाला कसली घाई नव्हती. तेव्हापासून तेरा-चौदा मुक्काम झाले असतील. मी कर्जतचा. लहानपणी वडील हात धरून गाडीच्या मागे बँकर, म्हणजे घाट चढवायला ढकलणारी जादा इंजिनं, लागताना दाखवायला न्यायचे, तेव्हा हे वेड नवीन नाही. पण गाडी 'बघायची' सोडून 'ऐकायची' मी क्रेसनला शिकलो. ते एका रात्रीत येत नाही. पहिली रात्र नुसत्या उत्साहात जाते, प्रत्येक गाडीला उठून खिडकीशी धावता. दुसऱ्या रात्री उठत नाही, अंथरुणातूनच कळायला लागतं. म्हणून दोन.

नानांना हे ठिकाण समजावून सांगायला तुम्हाला फार त्रास पडणार नाही. आल्टुना म्हणजे कसारा, क्रेसन म्हणजे इगतपुरी. एवढं सांगा, बाकी ते स्वतः लावतील. ॲलेघेनी डोंगर ओलांडून फिलाडेल्फियाकडून पिट्सबर्गला जाण्यासाठी पेनसिल्व्हेनिया रेलरोडने हा घाट बांधला आणि हॉर्सशू कर्व्ह 15 फेब्रुवारी 1854 ला चालू झाला. आपला थळ घाट 1865 चा, म्हणजे अकरा वर्षांनी धाकटा. आल्टुनापासून गॅलिट्झिनच्या बोगद्यापर्यंत साधारण बारा मैलांत हजारेक फूट चढायचं. कसारा ते इगतपुरी साडेनऊ मैलांत जवळपास तेवढंच. बोगदा संपला की तीनेक मैलांवर क्रेसन.

आता चढाचा आकडा सांगितला की नाना हसणार आहेत हे धरून चाला. इथला चढ 1.8 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे आपल्या भाषेत साधारण 55 ला 1, 55 फुटांत एक फूट चढ. थळ आणि बोर घाट 37 ला 1. 'हा कसला घाट!' म्हणतील. म्हणू द्या. मग दोन-अडीच किलोमीटर लांबीची, एकावर एक कंटेनर रचलेली गाडी समोरून सरकायला लागली आणि पाच मिनिटं झाली तरी शेपूट दिसेना, की आपोआप गप्प होतील. चढ सौम्य ठेवायचा आणि वजन वाढवायचं, हा इथला हिशोब. डोंगराला वळसा घालून रूळ लांबवला तो त्याचसाठी. जे. एडगर थॉमसन या मुख्य अभियंत्याने दरी ओलांडण्याऐवजी दरीच्या आतल्या टोकापर्यंत जाऊन रूळ मागे फिरवला. आपल्या बोर घाटात इंग्रजांना सुरुवातीला रिव्हर्सिंग स्टेशन करावं लागलं होतं, गाडी उलटी फिरवून पुढे न्यायला. इथे ते टळलं.

आता इनबद्दल. इमारत 1866 ची, मूळची कॅलन हाउस नावाची, तेव्हाही हॉटेलच. त्या काळात क्रेसन हे हवा खायला जायचं गाव होतं. रेल्वेने स्वतःचं माउंटन हाउस नावाचं मोठं हॉटेल काढलं होतं, अँड्र्यू कार्नेगीचं उन्हाळ्याचं घर इथे होतं. पिट्सबर्गच्या धुरातून सुटून श्रीमंत लोक इथे यायचे. आपल्याकडे मुंबईकर खंडाळ्याला बंगला बांधायचे, तसंच. तो सगळा थाट गेला. राहिलं ते एक शांत गाव, रूळ, आणि रुळासमोर हे लाकडी व्हरांड्याचं घर. घर आणि रूळ यांच्या मधे एक रस्ता, बस. तीन मुख्य मार्ग, शिवाय बाजूचे रूळ.

ऐषआराम शोधत जाऊ नका. जुनं घर आहे, जिने कुरकुरतात, आणि इथे येणाऱ्यांना गादीपेक्षा खिडकी महत्त्वाची असते. सकाळचा नाश्ता मोठ्या टेबलावर एकत्र होतो आणि त्याचं मोल मी खोलीपेक्षा जास्त धरतो. ओहायोचा शिक्षक, न्यूजर्सीचा प्लंबर, कधी इंग्लंडहून आलेलं जोडपं. अर्ध्या वाक्यात सगळे उठून खिडकीकडे जातात, परत येऊन तेच वाक्य पुढे चालू करतात. नानांचं इंग्रजी कसं आहे माहीत नाही, पण 'गुड्स गार्ड, इंडियन रेल्वेज' एवढे शब्द पुरेत. त्यांच्याभोवती खुर्च्या सरकतील, दुभाषा म्हणून तुमचा नाश्ता थंड होईल.

बुकिंग करताना एकच हट्ट धरा: खोली रुळाच्या बाजूची. 'रेल्वेजवळ' या शब्दावर विश्वास ठेवू नका. मी एकदा दुसऱ्याच एका गावात, नाव घेत नाही, 'ट्रेन व्ह्यू' असं लिहिलेली खोली घेतली होती. खिडकीतून पार्किंग दिसायचं. चौकशी केली तर मुलगी म्हणाली, हिवाळ्यात पानं गळली की पलीकडे दिसतात. तेव्हा मे महिना चालू होता. म्हणून फोनवर स्पष्ट विचारायचं: खिडकी उघडली की समोर काय? ऑक्टोबरच्या मधल्या आठवड्यांत इथे पानांचे रंग ऐन भरात असतात, शनिवार-रविवार आधीच भरलेले असतात. तुम्ही मंगळवार-बुधवार धरा. मालगाडीला शनिवार-रविवार नसतो, तुम्हाला गर्दी कमी लागेल.

झोपेचं वहिनींना खरं काय ते सांगा: पहिल्या रात्री लागणार नाही. कापसाचे बोळे घेऊन जा, पण त्याने आवाज अडतो, थरथर अडत नाही. खाली व्हरांड्यात कपबशीतला चमचा किणकिणायला लागला की समजायचं, जॉन्सटाउनकडून कुणीतरी चढ चढत येतंय. आवाज त्यानंतर येतो. पश्चिमेकडून येणारी गाडी क्रेसनला पोचेपर्यंत पंचवीसेक मैल सलग चढत आलेली असते, इंजिनं पूर्ण नॉचवर, म्हणजे पूर्ण ताकदीवर, वेग एखाद्या सायकलवाल्याला गाठता येईल असा. पुढची इंजिनं गेली की आवाज ओसरतो, नुसती चाकं वाजत राहतात, तुम्ही कूस बदलता, आणि तेवढ्यात मागचे हेल्पर, ढकलणारी इंजिनं, येतात. पुन्हा सगळं घर धरून हलवल्यासारखं. उलट, आल्टुनाकडून आलेली गाडी बोगद्यातून सुटून उताराला लागलेली असते. तिची इंजिनं गुरगुरत नाहीत, डायनॅमिक ब्रेकची, म्हणजे इंजिनाच्या मोटरींनीच वेग रोखण्याची, बारीक, चढत जाणारी किंकाळी ऐकू येते आणि दमट हवा असेल तर ब्रेकच्या ठोकळ्यांचा जळका वास. कर्जतला राहिलेल्याला तो वास वेगळा सांगावा लागत नाही.

एका फेब्रुवारीत धुक्याने रूळच दिसत नव्हते. व्हरांड्यात मी आणि एक निवृत्त ड्रायव्हर, कॉनरेलच्या (आधी हा मार्ग चालवणाऱ्या कंपनीच्या) काळातले, कानटोपी घालून, डोळे मिटून. गाडी अजून मैलभर लांब असेल. ते म्हणाले, दोन पुढे, दोन मागे, मागचं एक नीट खेचत नाही. मला नुसती घरघर ऐकू येत होती. गाडी आली: पुढे दोन. बराच वेळाने मागची जोडी आली, त्यातल्या एकाच्या धुराड्यातून काळा धूर आणि मधेच दचकल्यासारखा आवाज. मी त्यांच्याकडे पाहिलं तर डोळे अजून मिटलेलेच होते. नाना असं काही बोलले तर कौतुक करायच्या आधी कागदावर लिहून घ्या आणि मग पडताळा. पैज लावायला उत्तम खेळ आहे, नातवालाही.

हेल्पर म्हणजे आपले बँकर, ते क्रेसनलाच असतात. कामावर नसले की बाजूच्या रुळावर घुरघुरत उभे. गंमत ही की इथे माथ्यावर पोचल्यावर गाडी न थांबवता, चालता चालता हेल्पर मागून सोडवतात; त्यासाठी कपलरवर, म्हणजे जोडणाऱ्या आकड्यावर, खास यंत्रणा बसवलेली असते. आपल्याकडे लोणावळ्याला किंवा इगतपुरीला गाडी उभी राहते, माणूस खाली उतरतो, मग बँकर सुटतात. नानांना ही चालत्या गाडीतली सोडवणूक दाखवाच, पण हे दर वेळी होत नाही. जड गाडीला आल्टुनाच्या उतारावर ब्रेक धरायलाही मागची इंजिनं लागतात, तेव्हा ती तशीच पलीकडे खाली उतरतात.

इंजिनांबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण नाना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली असतील तर त्यांना ठाऊक नसेल. हा मार्ग चालवणाऱ्या नॉरफोक सदर्न कंपनीच्या ताफ्यात जनरल इलेक्ट्रिकची (हा धंदा 2019 पासून वॅबटेकचा) बारा सिलिंडरची इव्होल्यूशन जातीची इंजिनं ढिगाने आहेत. त्यातली बरीच बनली याच राज्यात, ईरी गावात. बिहारच्या मढौऱ्याचा कारखाना नीट चालू होण्याआधी भारतासाठीची त्या घराण्यातली पहिली इंजिनं ईरीतच बांधून जहाजाने पाठवली गेली. आणि आपलं मालगाडीचं डिझेल डब्ल्यूडीजी-4 हे इएमडी या अमेरिकन कंपनीच्या 710 इंजिनाचं. त्याची भावंडंही इथे धावतात. हेल्परच्या कामाला बराच काळ एसडी40ई ही जोडी असायची, आल्टुनाच्याच जुनियाटा कारखान्यात जुन्या इंजिनांची पुनर्बांधणी करून बनवलेली. तिचा 645 इंजिनाचा खर्जातला आवाज हा माझ्या मते या घाटाचा खरा आवाज. नवी इंजिनं ताकदवान असतील, पण चमचा तसा किणकिणत नाही.

स्कॅनर, म्हणजे रेल्वेचं रेडिओवरचं बोलणं ऐकायचं यंत्र, घ्या. विकत नको, एखाद्या मित्राकडून मागून आणा. 160.800 मेगाहर्ट्झ हा या मार्गाचा रोड चॅनल. त्यावर ड्रायव्हर सिग्नल पुकारताना ऐकू येतात. क्रेसनच्या कंट्रोल पॉइंटचं (सिग्नल आणि सांध्यांच्या जागेचं) नाव 'एमओ', गॅलिट्झिनचं 'एआर', हे तारायंत्राच्या काळापासून चालत आलेले सांकेतिक शब्द. त्याहून मजेदार म्हणजे गाडीतला बिघाड तपासणारे रुळाकाठचे डिटेक्टर. गाडी वरून गेली की यंत्रच बोलतं: अमुक मैल, अमुक रूळ, दोष नाही, एकूण इतके ॲक्सल. हा शेवटचा आकडा पकडायचा. इंजिनाचे सहा-सहा वजा करा, उरलेल्याला चाराने भागा, डब्यांची संख्या मिळाली. कोळशाच्या गाडीला हा हिशोब चोख बसतो. कंटेनरच्या गाडीला फसतो, कारण पाच खणांचा एक जोडडबा अवघ्या बारा ॲक्सलवर चालतो. मी पहिली दोन वर्षं कंटेनरगाड्यांचे डबे चुकीचे मोजून वहीत लिहीत होतो आणि वही अजून आहे.

नाना मात्र डबे मोजणार नाहीत. ते शेपूट बघतील. आयुष्यभर जो माणूस गाडीच्या शेवटच्या डब्यात बसला, त्याला इथे सगळ्यात चमत्कारिक वाटेल ते हे की शेवटी कुणीच नाही. कबूस, म्हणजे इथला ब्रेकव्हॅन, 1980 च्या दशकात हळूहळू गेला. आता शेवटच्या कपलरवर एक डबी टांगलेली असते, लुकलुकणारा लाल दिवा असलेली. ती ब्रेकपाइपचा दाब रेडिओने ड्रायव्हरला कळवते. आपल्याकडेही हे यायला लागलंय. माझे एक काका दौंडला गार्ड होते, त्यांना मी इथे आणलं होतं. पहिली गाडी गेली तसे ते खुर्चीतून अर्धवट उठले, मान वळवून 'एलव्ही'ची (शेवटच्या डब्याची) पाटी शोधत राहिले, आणि लाल लुकलुक दिसल्यावर खाली बसले. दोन दिवस प्रत्येक गाडीला तेच. 'पूर्ण गाडी गेली' अशी खात्री झाल्याशिवाय त्यांना चहाचा घोट घेता येईना. तुमच्याकडेही असं होईल, हसू नका.

एक इशारा. जुन्या लेखांतून, जाहिरातींतून दिवसाला साठ-साठ गाड्यांचे आकडे वाचाल. तो काळ गेला. 2019 च्या सुमारास कंपनीने कामाची पद्धत बदलली: गाड्या कमी, पण लांब, आणि गाडीच्या मधेच रेडिओने चालणारी इंजिनं घुसवलेली. त्यामुळे हेल्परचं कामही पूर्वीइतकं उरलं नाही. कोळसा ओसरला तो वेगळाच. आता कधी दीड तास काहीही येत नाही, मग वीस मिनिटांत तीन येतात. मला स्वतःला हे आवडत नाही, पण वाट बघण्याची सवय असणाऱ्याला फरक पडत नाही. नातवाला पडेल. त्याच्यासाठी रंगाचे खडू, पत्ते आणि एखादी खेळण्यातली मालगाडी असू द्या.

जायच्या आधी यूट्यूबवर क्रेसनचा लाइव्ह कॅमेरा तासभर लावून बघा. नानांना इगतपुरीत असतानाच लिंक पाठवा. इथे येतील तेव्हा कुठल्या रुळावरून कोण जातं ते त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल.

बाहेर फिरायचं तर लांब जावं लागत नाही. गॅलिट्झिनला बोगद्याच्या तोंडावर छोटी बाग आहे, तिथे जुना कबूस ठेवलाय. ॲलेघेनी बोगदा 1854 चा. 1990 च्या दशकात दुमजली कंटेनर जावेत म्हणून उंच आणि रुंद केला, आणि शेजारचा 1904 चा गॅलिट्झिन बोगदा बंद करून टाकला. बोगद्यातून गाडी यायच्या आधी धुराचा लोट बाहेर येतो, तेवढं बघून पोरगं खूश. दुसरं ठिकाण कॅसँड्रा गाव. खाणकामगारांना रूळ ओलांडून कामावर जाता यावं म्हणून बांधलेला जुना पूल, आता रेल्वेवेड्यांचा कट्टा. बाकं आहेत, सावली आहे, आणि पुलाखालून चढाची गाडी जाते तेव्हा पायाखाली समजतं. मला विचाराल तर हॉर्सशूपेक्षा कॅसँड्रा. हॉर्सशूलाही जा, मान म्हणून. पायऱ्या जवळपास दोनशे आहेत, नानांच्या गुडघ्यांचा विचार करून फ्युनिक्युलर (दोराने चढणारी छोटी गाडी) चालू आहे का ते आधी फोनवर विचारा. दुसऱ्या महायुद्धात, 1942 साली, जर्मनीने पाणबुडीतून उतरवलेल्या घातपात्यांच्या यादीत हे वळण होतं, ही गोष्ट नानांना सांगा; घाट म्हणजे काय चीज आहे ते लगेच पटेल.

पण वळण बघायची उत्तम जागा गाडीतच आहे. ॲमट्रॅकची पेनसिल्व्हेनियन ही न्यूयॉर्क-पिट्सबर्ग गाडी या मार्गावरून जाते. ती क्रेसनला थांबत नाही, जॉन्सटाउनला आणि आल्टुनाला थांबते. असं करा: सकाळी नाना आणि नातू यांना जॉन्सटाउनला सोडा, तिथून नऊच्या सुमारास पूर्वेकडची गाडी मिळते. तुम्ही मोटारीने आल्टुनाला या. वाटेत ती स्टेशन इनच्या समोरूनच जाते, बोगद्यात शिरते आणि वळणावरून खाली उतरते. पूर्वेकडे जाताना वळणाची आतली बाजू उजवीकडे, तेव्हा बसायचं उजव्या खिडकीला. परत पश्चिमेकडे आलात तर डाव्या. तासाभराचा प्रवास आहे. तिकीट आधी काढा, आणि गाडीला मालगाडीमुळे उशीर झाला तर चिडू नका, नाना चिडणार नाहीत.

आईंचा विचार वेगळा करावा लागेल, कारण दोन दिवस मालगाड्या बघणं हे त्यांच्यासाठी सुख नाही. कदाचित त्यांनी इगतपुरीत ते पुरेसं केलं असेल. त्यांना घेऊन ॲलेघेनी पोर्टेज रेलरोडच्या राष्ट्रीय स्मारकाला जा, हायवे 22 ला लागून आहे. 1834 साली, हॉर्सशूच्या वीस वर्षं आधी, लोक कालव्यातल्या बोटी गाड्यांवर चढवून दहा उतरणींवरून दोराने डोंगरापलीकडे ओढून नेत. माथ्यावर लेमन हाउस नावाचं दगडी घर आहे, प्रवाशांसाठी रुळाला लागून बांधलेली खाणावळ-कम-गुत्ता. म्हणजे या डोंगरावर रुळाकाठी मुक्काम करायची रीत दोनशे वर्षांच्या घरात जाते. भोवती झाडी सुंदर आहे, चालायला सपाट वाट आहे, आणि तिथे एकही डिझेल इंजिन नाही. आईंना आवडेल.

खाण्याचं सोपं आहे, जर अपेक्षा आवरल्यात तर. गावात पिझ्झा मिळतो, सँडविच मिळतं. शीट्झ ही पेट्रोलपंपावरच्या दुकानांची साखळी इथल्याच आल्टुनाची, 1952 पासूनची. पडद्यावर बोट लावून मांस वगळून काय हवं ते बनवून घेता येतं आणि रात्री दोन वाजताही उघडी असते. बाकी आपलं नेहमीचं: दशम्या, चटणी, थर्मासमध्ये चहा. पिट्सबर्गहून निघताना पेन हिल्सचं बालाजीचं मंदिर वाटेवरच आहे, मनरोव्हिलला वाणसामान मिळतं. तिथून क्रेसन दीड तास. चहाचा थर्मास मोठा न्या, व्हरांड्यात थंडीत तुमच्याकडे बघून चौघे तरी विचारतील, वास कसला येतोय.

कपड्यांचं: क्रेसन समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांवर आहे, ऑक्टोबरच्या रात्री पिट्सबर्गपेक्षा चांगलीच बोचते. नानांना मफलर आणि कानटोपी. ते म्हणतील नको, तरी पिशवीत ठेवा.

रुळाच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. इथे तो गुन्हा आहे आणि त्याहून वाईट म्हणजे उताराच्या गाडीचा आवाज पुष्कळदा येतच नाही. रस्त्याच्या अलीकडूनच सगळं नीट दिसतं.

शेवटचं, आणि हे मी काकांच्या वेळी विसरलो होतो. रात्री व्हरांड्यात अंधार असतो, मुलं टॉर्च घेऊन खेळतात. रुळाशेजारी कुणीही, कसलीही वस्तू जोराने हलवली तर ड्रायव्हरने ती थांबण्याची खूण समजायची, असा इथे नियम आहे. नानांना हा नियम सांगायची गरज नाही, त्यांचा तोच आहे. नातवाच्या हातातला टॉर्च मात्र अंधार पडायच्या आधी काढून घ्या.